मानपत्राचं तिसरं पान

माणूस थोर आहे की नाही हे त्याच्या कार्यावरून ठरतं, असा एक समज पूर्वी होता. तो आता मागे पडला आहे. कार्य दिसायला वेळ लागतो, आणि ज्यांना ते दिसतं ते बहुधा बोलत नाहीत. म्हणून थोरपण मोजण्याचं माप म्हणून आमच्या भागात मानपत्र रूढ झालं, आणि ते फार सोयीचं ठरलं आहे. मानपत्राला जाडी असते, सोनेरी काठ असतो, खाली सह्या असतात. कार्याला यातलं काहीच नसतं.

आमच्या पाहणीनुसार चाकुरात दर चार प्रौढांमागे दोन सत्कारमूर्ती, एक सत्कार समितीचा सदस्य आणि एक सूत्रसंचालक आहे. (श्रोते बाहेरगावाहून आणावे लागतात.) ऐन मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत, लोकरीची शाल पांघरून हसतमुख बसता येणं ही इथे नागरिकत्वाची खूण मानली जाते.

या क्षेत्रातली अग्रगण्य संस्था म्हणजे 'सन्मानवर्धिनी बहुउद्देशीय मंडळ, चाकूर'. मंडळाचा उद्देश एकच आहे. पण एका उद्देशाच्या संस्थेकडे लोक संशयाने बघतात, म्हणून नावात बहुउद्देशीय घातलं. अध्यक्ष ईश्वरप्पा हे सोयाबीनचे आडते. मालात ओल किती हे ते मूठ भरून सांगतात, आणि माणसात किती हे मूठ न भरताही.

यंदाच्या सोहळ्यामागे एक घरगुती कारण होतं. ते गावात सर्वांना ठाऊक असल्यामुळे गुप्त ठेवण्यात आलं होतं. अध्यक्षांची मुलगी मंजुश्री आणि उदगीरच्या महादेवप्पांचा मुलगा संगमेश हे बारावीला लातुरात एकाच शिकवणीला होते. लातूरच्या शिकवणीत मान वर करायला सवड मिळत नाही. या दोघांनी ती काढली. पुढे मंजुश्री औषधनिर्माण शास्त्राची प्राध्यापिका झाली, संगमेश देगलूरला गुरांचा डॉक्टर झाला. दोन्ही घरं तोलामोलाची, दोन्हीकडे लिंगपूजा, दोन्हीकडच्या आया राजी. अडलं होतं ते महादेवप्पांपाशी.

महादेवप्पांची दोन महाविद्यालयं, एक पेट्रोल पंप, आणि ठिबक सिंचन पाहण्यासाठी इस्राएलचा एक दौरा. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि हो म्हणायचीही नव्हती. ते 'बघू' म्हणायचे. थोरल्या मुलाच्या वेळी ते इतकं बघत राहिले, की त्याच्यासाठी सांगून आलेल्या पहिल्या मुलीचा मुलगा आता त्यांच्याच महाविद्यालयात शिकतो.

"आप्पा," मंजुश्री एकदा वडलांना म्हणाली, "त्यांचा एक सत्कार करून टाका."

"का म्हणून?"

"संगमेश म्हणतो, सत्कार झाला की त्यांच्या तोंडून बघू निघत न्हाई. नुसतं हो हो करून राहतात. शाल उतरायच्या आत जे मागायचं ते मागून घ्यायचं."

अध्यक्षांना हे पटलं, पण मुलीच्या बापाने मुलाच्या बापाचा एकट्याचा सत्कार करणं बरं दिसत नाही. म्हणून सोबतीला आणखी एकशे सात जण घ्यायचं ठरलं. एकशे आठ हा आकडा शुभही आहे, आणि एवढ्या गर्दीत एक व्याही सहज खपून जातो.

यादी मानाच्या क्रमाने करण्यात आली. (वर्णानुक्रमाने यादी करणारी माणसं आमच्याकडे फार काळ सार्वजनिक जीवनात टिकत नाहीत.) पहिले महादेवप्पा. दुसरे एका साखर कारखान्याचे माजी उपाध्यक्ष. मग मान उतरत उतरत शेवटून दुसरे बँडवाले मारोती. इथे एकशे सात झाले, आणि गावात सत्कार न झालेला माणूस सापडेना. तेव्हा मंजुश्रीने शिरूर अनंतपाळजवळच्या सरजाबाईंचं नाव सुचवलं. सरजाबाई सुईण. आता थकल्या, पण त्या भागातली निम्मी वस्ती त्यांच्या हातावरून जगात आलेली.

"घाला की," अध्यक्ष म्हणाले. "शेवटी घाला."

आता प्रत्यक्ष मानपत्राकडे वळू. मंडळाचं मानपत्र चार पानांचं असतं: एक मोठा कागद, मधोमध दुमडलेला. पहिल्या पानावर फोटो आणि नाव. दुसऱ्यावर जन्म आणि शिक्षण. तिसऱ्यावर कार्य. चौथ्यावर शुभेच्छा आणि सह्या. एकशे आठ जणांसाठी एकशे आठ मजकूर लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून मेल मर्जचा अवलंब करण्यात आला. यात मजकूर एकच लिहायचा, नावाच्या जागी खड्डा ठेवायचा, आणि यादीतला एकेक माणूस त्या खड्ड्यात उतरवायचा. ही पद्धत संगणकवाल्यांनी शोधली असा एक गैरसमज आहे. आपल्याकडे शोकसभेतली भाषणं पूर्वापार याच पद्धतीने होतात.

फक्त तिसरं पान प्रत्येकाचं वेगळं होतं. त्यासाठी मंडळाचा ऑपरेटर विनोद याने प्रत्येकाला फोन करून 'आपलं कार्य सांगा' अशी विनंती केली. सर्वांनी ते विनासंकोच सांगितलं. बरेच जण दुसऱ्या दिवशी परत फोन करून राहिलेलं सांगत. एकट्या सरजाबाईंनी 'कोण बोलून राहिलंय? कुणाची वेळ आली?' असं विचारून लुगडं सावरत निघायची तयारी केली होती.

विनोदचं बसस्टँडसमोर छपाईचं दुकान आहे. त्याच्याकडे संगणकाची पाच प्रमाणपत्रं आहेत. पैकी तीन त्याने स्वतः छापलेली आहेत. नांदेडहून नवा प्रिंटर आणला होता, जो कागद आपला आपण पालटून दोन्ही बाजूंनी छापतो. कामाला सुरुवात झाली, आणि पहिलीच पुस्तिका बाहेर पडली तेव्हा असं दिसलं की बाहेरची पानं सुलट आहेत, आणि आतली पानं डोक्यावर उभी आहेत.

समितीची तातडीची बैठक झाली. तीत पुढील मतं मांडण्यात आली: कागद उलटा घातला आहे. प्रिंटर उलटा ठेवला आहे. प्रिंटरचं तोंड दक्षिणेला आहे. मजकूरच उलटा लिहावा, म्हणजे उलट्याचं सुलट होईल. आतलं पान कुणी बघत नाही, तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही. (शेवटचं मत पुढे अक्षरशः खरं ठरलं, पण त्या वेळी त्या सदस्याला खाली बसवण्यात आलं.) प्रिंटरचं तोंड पूर्वेला करण्यात आलं. पानं उलटीच राहिली, फक्त आता ती खिडकीतून बाहेर पडू लागली.

मग शुभकार्यात विघ्न नको म्हणून प्रिंटरला विभूती लावली. ती नेमकी वरच्या काचेला लागली. त्यानंतर आठवडाभर त्या यंत्रातून निघालेल्या प्रत्येक छायाप्रतीच्या माथ्यावर तीन आडवे पट्टे येत होते. तालुक्यातले काही सातबारे आजही तसे आहेत, आणि ते कुणीही नाकारलेले नाहीत.

शेवटी नांदेडहून व्यंकटी नावाचा मेकॅनिक आला. त्याने चहा घेतला, प्रिंटरकडे न बघता पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लांब कडेवर पलटी टाकलीत तुम्ही. आखूड कडेवर टाका. कागद आडवा हाय न्हवं?"

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर सावली आली. "आखूड कशाला? लांबच राहू द्या की. एवढा मोठा माणूस, त्याचं आखूड करून ठेवायचं?"

"आप्पा, माणसाचं न्हाई. कागदाची कड."

"लोक बोलतील ना, ईश्वरप्पानं आखूड केलं म्हणून."

"कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

यावर पाऊण तास चर्चा झाली. विनोदने महादेवप्पांचं तिसरं पान अध्यक्षांपुढे धरलं. त्यात दोन्ही महाविद्यालयं पाया वर करून उभी होती, आणि इस्राएल तर जवळजवळ पडलं होतं. अध्यक्षांनी माघार घेतली. आखूड कड मंजूर झाली. सार्वजनिक जीवनातली ही त्यांची पहिली माघार. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं मंजुश्री सांगते.

ही माघारच पुढे नडली. कारण व्यंकटीने जाता जाता आणखी एका चौकटीवर बोट ठेवलं होतं. एका पुस्तिकेत किती पानं, असं ती चौकट विचारते. तिथे आधीपासून 'सगळी' असं होतं.

"हे चार करा," व्यंकटी म्हणाला.

"चार?" अध्यक्ष म्हणाले.

"एका माणसाची चार पानं न्हाईत का?"

"आता हाय काय तिथं?"

"सगळी."

"मग सगळी असू द्या. सगळी असताना चार कशाला? आपल्याकडं काय कमी हाय का?"

विनोद व्यंकटीची बाजू घेईल असं वाटलं होतं. पण त्याच्या पाच प्रमाणपत्रांपैकी एकातही ही चौकट नव्हती. "सगळी म्हणजे सगळीच की," तो म्हणाला. "चार त्यात आलेच." अध्यक्षांनी मान हलवली. एका आठवड्यात दोनदा माघार घ्यायची तर मग अध्यक्ष कशाला म्हणायचं? व्यंकटीने खांदे उडवले आणि नांदेडची गाडी धरली.

आता निष्पक्षपणे सांगायचं तर नमुना उत्तम निघाला. नमुन्यादाखल एकट्या महादेवप्पांची पुस्तिका छापली होती. एकच माणूस असला की त्याची चार पानं हीच सगळी पानं असतात. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, सगळं जागच्या जागी. समितीने टाळ्या वाजवून नमुना मंजूर केला.

पण एकशे आठ जण एकदम सोडले की प्रिंटर त्यांना एकशे आठ माणसं समजत नाही. 'सगळी' हा त्याला मिळालेला हुकूम असतो. तो त्या सगळ्यांचं मिळून एक जाडजूड पुस्तक समजतो. आणि पुस्तकाचा नियम असा, की सर्वांत बाहेरच्या कागदावर एका अंगाला पहिलं पान असतं आणि दुसऱ्या अंगाला शेवटचं. विश्वास नसेल तर एखाद्या वहीची पिन काढून बघावी. अशा रीतीने पहिल्या माणसाचा पुढचा भाग आणि शेवटच्या माणसाचा मागचा भाग एका कागदावर आले. दुसऱ्या माणसाला शेवटून दुसरा मिळाला. असं करत करत मध्यापर्यंत.

मानाचा क्रम लावायला समितीला महिना लागला होता. प्रिंटरने तो अर्ध्या दुपारी मिटवला. कोण पहिला आणि कोण शेवटचा हे त्याने पाहिलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. त्याने नीट पाहून दोघांची गाठ मारली.

कागद दुमडण्याचं काम महिला समितीकडे होतं. त्यांना नियम दिला होता: फोटो दिसेल अशी घडी घाला. त्यांनी फोटो दिसेल अशी घडी घातली. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात जी पुस्तिका पडली तिच्यावर चेहरा त्याचा होता, आत जन्म त्याचा होता, शिक्षणही (असल्यास) त्याचं होतं. फक्त कार्य दुसऱ्याचं होतं. आतलं पान कुणी बघत नसल्यामुळे काहीच लक्षात आलं नाही.

सोहळा मंगल कार्यालयात झाला. एकशे आठ शालींनी हवेतला सगळा गारवा शोषून घेतला होता. रिवाजाप्रमाणे वाचन फक्त पहिल्या मानपत्राचं होतं. महादेवप्पा व्यासपीठावर मधोमध, शेजारी ईश्वरप्पा, पहिल्या रांगेत मंजुश्री. संगमेश मागे खांबाला टेकून उभा होता, एखादी गाय अडली असताना उभा राहावा तसा.

सूत्रसंचालकांचा आवाज भारदस्त आहे. तो इतका भारदस्त आहे, की आपण काय वाचतो आहोत हे त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचत नाही. त्यांनी नाव वाचलं, जन्म वाचला, शिक्षण वाचलं, समोरच्या पानावर सरकले, आणि त्याच आवाजात पुढे गेले:

"आपण गेली चाळीस वर्षे, उन्हापावसाची तमा न बाळगता, पंचक्रोशीतील सहाशेहून अधिक बाळंतपणे स्वहस्ते सुखरूप पार पाडलीत."

खाली विनोदच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. तो उठायला लागला, तसा मंजुश्रीने त्याचा सदरा धरला.

"बस खाली."

"ताई, पान चुकलंय. ते सरजाबाईचं हाय."

"मला दिसून राहिलं ना. पण त्यांच्याकडं बघ. मान हलवून राहिलेत."

महादेवप्पा खरोखर मान हलवत होते. डोळे अर्धे मिटलेले होते.

"पायाळू बाळ फिरवण्यात आपला हात धरणारा कुणी नाही," सूत्रसंचालक म्हणाले. "अडलेल्या कित्येक लेकींच्या पाठीवरून आपला मायेचा हात फिरला आहे. मोबदल्याची आपण कधी अपेक्षा केली नाहीत. आजही घरोघरी खण-नारळाने आपली ओटी भरली जाते."

मागच्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "पोरगा गुरांची करतो, बाप माणसांची. घराणंच हाय तसलं." त्यावर टाळ्या सुरू झाल्या. एकदा टाळ्या सुरू झाल्या की कोणतीही गोष्ट खरी होते, हा आमच्या भागातला अनुभव आहे.

आणि मग शेवटच्या रांगेतून सरजाबाईंचा आवाज आला. सहाशे बाळंतपणांत ओरडून सूचना दिलेला आवाज; त्याला माइक लागत नाही.

"ओ माय, हे तर माझंच सांगून राहिलंय की." शेजारच्या बायका हसल्या. सरजाबाई उभ्या राहिल्या. "आणि ह्या बाबाच्या लेकराच्या टायमाला मी हुते. ह्याच्या बायकोचं माहेर आमच्याच गावचं. धाकट्याचं बाळंतपण तिथं झालं. हा कुठं हुता? हा भाईर गोठ्यात बसून रडून राहिला हुता. म्हशीच्या गळ्यात पडून."

ईश्वरप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सोयरीक, व्याही, बघू, सारं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मंजुश्रीने मागे वळून खांबाकडे पाहिलं. खांबापाशी कुणी नव्हतं. संगमेश खांबाच्या मागे गेला होता.

महादेवप्पा उठले. शाल सावरली. माइक हातात घेतला.

"मावशी म्हणतात ते खरं हाय," ते म्हणाले. "मी रडलो. पण माणूस रडतो कधी? त्या कामाची कळ ज्याला ठाऊक असते, तोच रडतो." टाळ्या. "आजवर मी ह्याबद्दल कुठं बोललो न्हाई." (हे खरं होतं.) "कॉलेजं काढली, पंप काढला, ते लोक बोलतात. पण आज ईश्वरप्पांनी माझ्या जीवनातली ती बाजू शोधून काढली, जी मला स्वतःला ठाऊक नव्हती." (हेही खरं होतं.) मग ते अध्यक्षांकडे वळले. त्यांचे डोळे पाणावले होते. "ईश्वरप्पा, जो माणूस माझं इतकं खोलवरचं वाचू शकतो, त्याची पोरगी आमच्या घरात आली पाहिजे. बघू न्हाई. झालं."

अशा रीतीने सोयरीक जमली. एका चौकटीत 'चार' ऐवजी 'सगळी' ठेवल्यामुळे जमलेली ही मराठवाड्यातली बहुधा पहिलीच सोयरीक असावी.

इतर मानकऱ्यांविषयी थोडक्यात. साखर कारखान्याच्या माजी उपाध्यक्षांना, त्यांनी नऊशे वराती आपल्या क्लॅरिनेटने गाजवल्याबद्दल गौरवण्यात आलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी क्लॅरिनेट विकत घेतलं. बँडवाले मारोती यांनी कारखाना आजारी असताना खंबीर नेतृत्व दिलं होतं. त्यांनीही तक्रार केली नाही, मात्र हल्ली ते वरातीत शेवटी येतात आणि लवकर निघून जातात. बरोबर मध्यावर एका शाळेचे दोन शिक्षक समोरासमोर आले. त्यांच्या पानांची अदलाबदल झाल्याचं कळलंच नाही. दोघांनी फोनवर सांगितलेलं कार्य शब्दशः एकच होतं. एकंदर एकशे आठ जणांपैकी एकशे सात जण आपल्या कार्यावर पूर्ण समाधानी आढळले.

राहिल्या सरजाबाई. त्यांनी घरी जाऊन नातसुनेकडून आपलं मानपत्र वाचून घेतलं, आणि साखरपुड्याची तारीख काढायला सगळे मंडळाच्या कार्यालयात जमले असताना त्या तिथे आल्या. पुस्तिका टेबलावर ठेवली.

"ह्यात माझी दोन कॉलेजं लिवलीत. एक पेट्रोल पंप लिवलाय. परदेशात जाऊन नळ्या बघून आले, असंबी लिवलंय."

"मावशी, छपाईत जरा गडबड झाली," अध्यक्ष म्हणाले.

"मला न्हाई लागत ते. घ्या वापस. माझी बाळंतपणं तेवढी द्या."

मागणी रास्त होती, आणि त्यामुळेच अडचणीची होती. सगळ्यांनी महादेवप्पांकडे पाहिलं. मधल्या काळात त्यांची एक मुलाखत छापून आली होती. दोन महिला मंडळांनी त्यांना मार्गदर्शनासाठी बोलावलं होतं, पैकी एका ठिकाणी त्यांची ओटीही भरली होती. महाविद्यालयं काय, कुणीही काढतं. पण सहाशे बाळंतपणं एकदा हाताला लागली की सोडवत नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"बघू," ते म्हणाले.

ईश्वरप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. तो शब्द सोहळ्यानंतर पहिल्यांदाच निघाला होता. पान परत गेलं तर होकारही त्याच वाटेने परत जाणार, हे समजायला आडत्याची गरज नव्हती. मंजुश्री उठून सरजाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. सरजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, दारात उभ्या संगमेशकडे पाहिलं. त्याला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उलटा होता, त्यामुळे आता नीट न्याहाळावं लागलं.

"हाच का रे तू? लई छळलास. पायाळू." मग मंजुश्रीला, "तुला ह्योच पायजे?"

"हाव, आजी."

सरजाबाईंनी टेबलावरची पुस्तिका बघितली. मग ती उचलून पिशवीत घातली.

"बरं मग. एकदा लिवलं ते लिवलं. त्याच्याकडं माझं हाय, तर माझ्याकडं त्याचं हाय. कॉलेज कुठशीक आलं?"

हिशेब चोख होता. मानपत्राखाली अध्यक्षांची सही होती, मंडळाचा शिक्का होता. आणि एका मानपत्राला खोटं म्हटलं की दुसरं आपोआप खोटं पडत होतं. महादेवप्पांनी तीन दिवस विचार केला आणि बाळंतपणं ठेवली. धाकट्या महाविद्यालयाचं अध्यक्षपद सरजाबाईंकडे गेलं.

पहिल्या दिवशी त्या वर्गावर्गातून फिरल्या. वर्ग रिकामे होते.

"लेकरं कुठं हायत?" त्यांनी प्राचार्यांना विचारलं.

"लेकरं हजेरीत आहेत," प्राचार्य म्हणाले.

"हजेरी राहू द्या. मी सहाशे लेकरं काढली, एकबी हजेरीत निघालं न्हाई. सगळी भाईर येऊन रडली."

याखेरीज कारभारात फरक पडल्याची नोंद नाही. पेट्रोल पंपावर त्या एकदा गेल्या आणि नातसुनेच्या स्कूटीत फुकट हवा भरून आल्या. (हवा तशीही फुकटच असते. पण या वेळी पंपावरच्या माणसाने सलाम केला.)

महादेवप्पांच्या बाजूने एकच अडचण उद्भवली. एका दुपारी पंपावर एक जीप थांबली. आत एक अडलेली बाई, आणि सोबतच्यांच्या हातात मुलाखतीचं कात्रण. "दवाखाना लांब हाय मालक, आन् तुमचा हात चांगला हाय म्हणतात." महादेवप्पांनी आधी मुलाला फोन लावला. मुलाने विचारलं, "म्हैस हाय का?" मग महाविद्यालयाची गाडी निघाली आणि नियामक मंडळाची बैठक अर्धी टाकून सरजाबाई आल्या. बाई आडोशाला घेतली. "आता खरं काम कर," त्या महादेवप्पांना म्हणाल्या, "गरम पाणी धर." महादेवप्पांनी पाणी धरलं आणि केबिनमध्ये जाऊन बेशुद्ध पडले. (या कौशल्याचा उल्लेख मानपत्रात नव्हता.) मुलगी झाली, सुखरूप झाली. नियमाप्रमाणे हे बाळंतपण महादेवप्पांच्या खात्यावर जमा करण्यात आलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तशी बातमीही दिली.

लग्न थाटात झालं. पहिली मानाची साडी सरजाबाईंना मिळाली. ती त्यांच्या बाळंतपणांसाठी नव्हती, ती महाविद्यालयाच्या अध्यक्षा म्हणून होती. पण साडी चांगली होती आणि त्यांनी ती घेतली.

मंडळाने आता ठराव केला आहे, की यापुढे सर्व मानपत्रं 'सगळी' या पद्धतीनेच छापावीत. आजवरच्या कोणत्याही पद्धतीत समाधानाचं प्रमाण इतकं आढळलेलं नाही. 'चार' ची चौकट कुणी चुकूनही भरू नये म्हणून विनोदने पडद्याच्या त्या भागावर चिकटपट्टी लावली आहे.

वाचकांना एक नम्र सूचना. आपल्याकडेही एखादं मानपत्र असेलच. शोकेसमध्ये, देवीच्या तसबिरीशेजारी, प्लॅस्टिकसकट. ते आपण आजवर उघडलेलं नाही याची आम्हांला कल्पना आहे. आज उघडून बघा. तिसऱ्या पानावरचं वाचून 'हे आपण कधी केलं?' असा प्रश्न पडला, तर काळजीचं कारण नाही; असा प्रश्न पडणारी माणसं फार थोडी उरली आहेत. पण ते शब्दन् शब्द आपलंच वाटलं, डोळे अर्धे मिटले आणि मान हलू लागली, तर समजावं की पान नक्की दुसऱ्या कुणाचं आहे, आणि ती बाई पिशवी घेऊन आपल्याच घराकडे निघालेली आहे.